चौथा खांदा

माझ्यासमोर एक हस्तिदंती चेंडू आहे. बिलियर्ड्सचा. कधीकाळी लाल होता, आता जुन्या विटेच्या रंगाचा झालाय. व्हर्नियरने मोजला तर एका दिशेने त्याचा व्यास एक्कावन्न मिलिमीटर भरतो, आडव्या दिशेने किंचित कमी. यात नवल नाही. हस्तिदंत वाळतो तेव्हा सगळीकडून सारखा आकसत नाही.

त्याच्या दोन टोकांना दोन काळे ठिपके आहेत. हत्तीच्या सुळ्यातून जी नस जाते, तिची ती टोकं. एक ठिपका मोठा, एक बारीक.

पाऱ्यावर हा चेंडू तरंगवला की मोठा ठिपका खाली जातो. म्हणजे जड बाजू ती.

सपाट काचेवर तो घरंगळत सोडला की थोडा जातो, थांबतो... आणि मोठा ठिपका वर असतो.

दर वेळी.

जड बाजू वर धरून कोणताही गोळा आपणहून थांबत नाही. मी आयुष्यभर कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवलं. काच तपासली, उतार तपासला, पंखा बंद करून पाहिलं, खोली बदलून पाहिली. मग हा चेंडू कापसात गुंडाळून ठेवून दिला.

पुढे लिहिते आहे ते घडलेलं आहे. ज्याच्यावर ते गुदरलं त्या सूर्यभानने म्हातारपणी आपल्या मुलीला, कौशल्येला सांगितलं. कौशल्येने आपल्या नातीला, म्हणजे माझ्या शकुन आत्याला. आत्याने मला, आणि हा चेंडूही तिनेच दिला. तिन्ही वेळा गोष्टीत फारसा फरक पडला नाही, असं आत्या म्हणायची. मी तिला दोनदा, मधे बरीच वर्षं जाऊ देऊन, सांगायला लावली. खरंच फरक पडला नव्हता.

साल १८६५. वैशाख महिना. अमरावतीहून अकोल्याकडे जाणाऱ्या गाडीवाटेवरचं एक गाव. नाव लिहीत नाही, तिथे आजही माणसं राहतात.

आणि ही रात्रीची गोष्ट नाही.

भर दुपारची आहे.

तेव्हा अमेरिकेत लढाई चालू होती. तिकडचा कापूस विलायतेला जाईना, म्हणून वऱ्हाडच्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला होता. आमच्या त्या गावच्या महादेवराव पाटलाने छकड्याच्या चाकांना चांदीची धाव बसवली होती म्हणतात. गावाबाहेर, नदीच्या वाटेवर, एका विलायती व्यापाऱ्याचा माणूस बंगला बांधून राहिला. त्याचं नाव हॉलोवे. गावाने त्याचा हलवाई साहेब केला.

सूर्यभान माळ्याचा. रोज सकाळी वांगी, कोथिंबीर आणि झेंडू घेऊन बंगल्यावर जायचा. नजर तेज, हिशेब तोंडी. साहेबाने त्याला इंग्रजी आकडे शिकवले आणि मार्कर म्हणून ठेवून घेतलं.

मार्कर म्हणजे बिलियर्ड्सच्या टेबलापाशी उभं राहून गुण मोजणारा माणूस. हिरव्या कापडाचं लांबरुंद टेबल, त्याला सहा खिसे, वर तीन चेंडू. दोन पांढरे, एक लाल. खेळणारे लांब काठीने चेंडू मारतात. मार्कर एका कोपऱ्यात फळ्यापाशी उभा राहतो, गुण पुकारतो, खिशात पडलेले चेंडू काढून देतो. खेळ संपला की कापडाला ब्रश करतो. पण चेंडू चालत असताना त्याने टेबलाला हात लावायचा नाही. काहीही झालं तरी नाही.

"साहेब काठीनं गोट्या ढकलते," सूर्यभानची आई पार्वताबाई शेजारणींना सांगायची, "आन माहा लेक त्या मोजते. नांगर धराले जन्मला होता, आता गोट्या राखते."

"पगार देते ना तो, आत्याबाई," सूर्यभानची बायको सुभद्रा सासूला म्हणायची.

"देते व. म्या कुठी नाई मनलं? गोट्याच आहेत मनलं फक्त."

सुभद्रेच्या मांडीवर तेव्हा वर्षाच्या आतली कौशल्या होती.

ते टेबल मुंबईहून आलं होतं. भुसावळपर्यंत आगगाडीने, तिथून बैलगाड्यांनी. हिरव्या कापडाखाली लाकूड नसतं, पाटीच्या दगडाच्या जाड फरशा असतात. पाच फरशा एकमेकींना भिडवून बसवल्या की चेंडू पाण्यावरून गेल्यासारखा जातो. नदीच्या उतारावर एक गाडी कलंडली आणि मधली फरशी फुटली.

दुसरी मागवायची तर पावसाळा उलटला असता. साहेबाने पाहुण्यांना आमंत्रणं धाडली होती. त्याने सूर्यभानला विचारलं, इथे असा दगड मिळेल का? एवढा लांब, एवढा रुंद, आरशासारखा सपाट?

सूर्यभानने माप बघितलं. साधारण सहा फूट लांब. अडीच फूट रुंद.

माणूस आडवा मावेल एवढं.

असा एक दगड त्याला माहीत होता.

गावातून नदीवरच्या स्मशानाकडे जाताना मधे एक काळा दगड होता. त्याला विसावा म्हणत. तिरडी तिथे खाली टेकवायची, खांदेकऱ्यांनी दम घ्यायचा. तोवर मेलेल्याचं तोंड घराकडे असतं. विसाव्यावर तिरडी फिरवायची. मग तोंड नदीकडे होतं, आणि मेलेला माणूस घर विसरतो. कितीतरी पिढ्यांच्या तिरड्या टेकून टेकून तो दगड गुळगुळीत झाला होता.

सूर्यभानने साहेबाला तो दगड दाखवला. साहेबाने पाटलाला विचारलं. पाटील म्हणाला, "न्या. बदल्यात आमाले चुन्याचा पक्का ओटा बांधून द्या. आमचे मेलेले काय कायम धोंड्यावरच झोपतीन? भाव आला त्याईलेबी."

चावडीवर सगळे हसले. ओटा बांधला, छान झाला. घडीव दगड, चुना, वर पिंपळाची सावली.

पार्वताबाई एकटी हसली नाही.

"जित्या मानसाचं घर बदललं तं आपून सोयऱ्याईले सांगावा धाडतो," ती सूर्यभानला म्हणाली. "विसावा हलवला. मेलेल्याईले कोनं सांगतलं?"

"मेलेले काय रस्ता इचारत येतेत, माय?"

"इचारत नाईत बापू. त्याईले पाठ असते."

पाथरवटाने दगडाच्या कडा घासल्या, टेबलात बसवला, पाणसळ लावली. तिळभर चूक नाही. वर हिरवं कापड ताणलं. सांगितल्याशिवाय कोणाला कळलं नसतं की मधली फरशी वेगळी आहे.

पहिला मेला तो नत्थुजी. म्हातारा होता, डावा पाय ओढत चालायचा. अर्ध्या गावाला त्याने खांदा दिला होता. त्याची तिरडी नव्या ओट्यावर टेकवली, फिरवली, नदीवर नेली. सगळं रीतीप्रमाणे झालं.

त्याच दुपारी बंगल्यात साहेब एकटाच खेळत होता. वाळ्याचे ओले पडदे सोडलेले. खोलीत हिरवट अंधार. साहेबाने लाल चेंडू जोरात मारला. तो पलीकडच्या कडेला लागला, परतला, मधल्या फरशीवर आला...

आणि थांबला.

हळू होत होत नाही. हाताने धरल्यासारखा.

साहेबाने कापडावर हात फिरवला. काही नव्हतं. तो स्वतःशीच काहीतरी बोलून पुन्हा खेळू लागला.

पण कोपऱ्यात उभ्या सूर्यभानने एक आवाज ऐकला होता.

ओझं खाली ठेवल्यावर माणसं सोडतात तसा श्वास. हुश्श...

चार माणसांचा.

दुसऱ्या दिवशी तो ब्रश करायला गेला. या कापडाला बारीक लव असते आणि ती एकाच दिशेने बसवायची असते, दाराकडून भिंतीकडे. त्याने स्वतः आदल्या संध्याकाळी बसवली होती. आता चार फरशांवर ती तशीच होती.

मधल्या फरशीवर उलटी झोपली होती.

लांबट पट्टा. डोक्याकडे अरुंद, खांद्यांशी रुंद, खाली पुन्हा अरुंद.

त्याने ब्रश फिरवला. लव बसली. दुपारी जेवून आला, तर पुन्हा उलटी.

घरी त्याने ताट बाजूला सारलं. सुभद्रेने विचारलं, "जेवत काहून नाई?"

"ऊन लागलं."

मग गोवर्धन गाडीवान गेला, उन्हाने. त्यानंतर एक कोष्टी, तापाने. त्या वैशाखात माणसं जातच होती, त्यात विशेष काही नव्हतं. दोघांच्याही तिरड्या नव्या ओट्यावर टेकल्या. दोन्ही दुपारी चेंडू मधल्या फरशीवर थांबला. दोन्ही वेळा तोच श्वास.

खाली ठेवल्याचा.

उचलल्याचा आवाज मात्र एकदाही आला नाही.

सूर्यभानने कौशल्येला सांगितलेलं हे वाक्य आत्या नेमकं तसंच सांगायची: "ठेवाले येत होते पोरी, पन न्याले कोनी येत नव्हतं."

मग पावलं सुरू झाली.

खोली रिकामी असली की टेबलाभोवती कोणी चाले. अनवाणी. आधी एकच माणूस... एक पाऊल नीट, एक ओढलेलं. नत्थुजी. पुढे दोन झाले. मग तीन. टेबलाला फेरी घालत, मधे थांबत, पुन्हा चालत. एखाद्या घरी माणसं तिरडी उचलायची वेळ व्हायची वाट बघत अंगणात फिरतात, तशी.

शेवटची गंगूबाई गेली.

गंगूबाई पार्वताबाईसोबत बाजारात भाजी विकायची. कौशल्या तिच्याच हातावर जन्मली होती. सुभद्रेला माहेर नव्हतं, बाळंतपणाचा शेक, काढा सगळं तिनेच केलं होतं. सुभद्रा तिला गंगूमाय म्हणायची. बाईमाणसाने घराच्या दाराच्या पुढे जायचं नाही, म्हणून सुभद्रा दारातच उभी राहिली आणि तिरडी वळणाआड गेल्यावर आत आली.

त्या दुपारी बंगल्यावर पाहुणे होते. अकोल्याचे, खामगावचे, तिघे-चौघे विलायती व्यापारी. खेळ रंगला होता. एका पाहुण्याने मारलेला लाल चेंडू दोन कडांना लागून मधे आला आणि जागच्या जागी उभा राहिला. मोठा ठिपका वर. तोंड वर करून निजलेल्या माणसासारखा.

पाहुणे हसले. कोणीतरी साहेबाला टेबलाच्या किमतीवरून चिडवलं. साहेबाचा चेहरा लाल झाला. त्याने पाणसळ मागवली, कापडावर ठेवली. बुडबुडा बरोबर मधोमध.

तेव्हा सूर्यभानला कळलं, आज भरल्या खोलीतही पावलं चालत होती, आणि आता ती थांबली आहेत.

ती तीन कोपऱ्यांत थांबली होती. खोलीत ओल्या बांबूचा वास होता, आणि गुलालाचा. पाहुणे त्या कोपऱ्यांना टेकून हसत होते. त्यांना काही कळत नव्हतं.

टेबलाला कोपरे चार.

चौथ्या कोपऱ्यात फळा होता. फळ्यापाशी मार्करची जागा.

तिथे सूर्यभान उभा होता.

त्या संध्याकाळी तो आंघोळीला बसला आणि सुभद्रा पाठीवर पाणी ओतत होती. तिचा हात थांबला. त्याच्या उजव्या खांद्यावर खाच होती. बांबू टेकवून टेकवून पडते तशी, चार बोटं रुंद. कातडी फाटलेली नव्हती. निळसर नव्हती. तिने बोट ठेवलं.

गार होती. पाणी ऊन होतं, आणि ती जागा गार होती.

"हे कायचं हाये?"

मग त्याने सगळं सांगितलं. पार्वताबाई चुलीपाशी होती. तिने ऐकलं.

"तीन गडी आन एक बाई," मग ती म्हणाली. "गंगीले उचलून न्याचं हाये त्याईले. खांदे तीनच. चौथा पाहून राहिले."

"मंग मीच काहून, माय?"

"दगड कोनं दाखवला?"

सूर्यभानने पंचा ओढून खांदा झाकला.

सुभद्रेने विचारलं, "आत्याबाई, गंगूमायही असन ना त्याईच्यासंगं? तेच एखाद्या वेळेस..."

"ज्याले न्याचं त्यानं खांदा देऊन कसं होईन? आन बाई खांदा देत नसते."

"काहून?"

"गडी जाते, जाळते, नदीत डुबकी मारून घरी येते. बाई एकदा तिकडं तोंड करून निंगाली का तिले मांगचा रस्ता दिसत नाई मनते." पार्वताबाईने लाकूड आत सरकवलं. "म्या पाह्यलं नाई. पाहाले कोनी गेलंच नाई कधी."

सुभद्रेच्या मनात तेव्हा काहीतरी आलं. तिने ते गिळलं आणि कौशल्येला पाजायला घेतलं.

दुसऱ्या दिवशी सूर्यभान साहेबाकडे गेला. सगळं सांगून टाकलं. तो दगड कशाचा आहे, तेही. साहेबाने शांतपणे ऐकलं. मग म्हणाला, "पत्थर पत्थर है, सूर्यभान. तुम ही लाया." दगड काढायचा तर कापड सोडवावं लागतं, फरशा उतरवाव्या लागतात, मुंबईचा सुतार लागतो. साहेब वाईट नव्हता. त्याने ताप आलाय का म्हणून कपाळाला हात लावून पाहिला.

तो पाटलाकडे गेला. पाटील म्हणाला, "देल्लेला दगड परत मांगू? माह्या तोंडाले शोभते का? आन ओटा काय वाईट हाये?"

तो नव्या ओट्यावरही गेला. पार्वताबाईने सांगितलं म्हणून नारळ फोडला, चौघांची नावं घेऊन सांगितलं, विसावा आता इथे आहे, इकडे या. पिंपळाची सावली हलत होती. तो संध्याकाळपर्यंत बसला.

कोणी आलं नाही.

मग त्याने काम सोडलं. बंगल्याकडे फिरकायचंच नाही असं ठरवलं.

पण खाच घरीही खोल होत गेली. खांदा खाली उतरू लागला. सदरा एका बाजूला लोंबायचा. उजव्या हाताने घास तोंडापर्यंत जाईना, सुभद्रा भरवू लागली. वैद्याने लेप दिला. लेप वाळला, खाच तशीच.

आणि दुपार झाली की तो झोपेतून उठायचा. डोळे मिटलेले. दाराकडे चालू लागायचा, उजवा खांदा पुढे करून. सुभद्रा आणि पार्वताबाई दोघी मिळून त्याला धरायच्या. पहिल्या दिवशी दोघींना तो आवरला. पुढे पुढे तो त्यांना फरपटत अंगणापर्यंत नेऊ लागला. वाळलेला, अर्धा झालेला माणूस, आणि दोन बायकांना तो आवरेना.

"मले धरा व," शुद्धीवर आला की तो म्हणायचा. "मले जाऊ देऊ नका."

"धरलं हाये ना," सुभद्रा म्हणायची.

"उद्याबी धरसान?"

ती हो म्हणायची. तिला तिच्या हातांची ताकद माहीत होती. मग ती पाळण्याकडे बघायची आणि ओठांवर आलेलं पुन्हा गिळायची. असं रोज.

मी एक गोष्ट आत्ताच सांगते, कारण नंतर सांगायला जागा उरणार नाही. सूर्यभान जगला. केस पिकेपर्यंत जगला, उजवा खांदा कायम कलता ठेवून. पुढे रेल्वे आली, बंगला दोनतीन मालकांकडे फिरला, मोडला. टेबलाच्या चार करड्या फरशा परतवाड्यात एका जुन्या दुकानाच्या पायऱ्यांना लावलेल्या मी स्वतः पाहिल्या, मोजल्या. पाचवी, काळी, मला सापडली नाही. विसाव्याच्या जागीही नाही.

आमच्या घरात पितृपक्षात सगळ्यांच्या तिथी होतात. सूर्यभानची होते. पार्वताबाईची होते. सुभद्रेची होत नाही.

तिची तिथी कोणाला माहीत नाही.

मी आत्याला विचारलं होतं, म्हणजे त्या दिवशी ती गेली का? आत्या म्हणाली, "गेली असं कोनी मनलं नाई. आली असंबी कोनी मनलं नाई."

तो दिवस असा.

मुंबईहून बातमी आली होती. अमेरिकेची लढाई संपली, कापूस कोसळला. साहेब घाईने खामगावला निघून गेला. बंगला बंद, मागच्या ओसरीत राखणदार घोरत पडलेला. गावात प्रत्येकाच्या घरी तेच बोलणं चाललं होतं. सूर्यभानकडे बघायला कोणाला सवड नव्हती.

दुपारी तो उठला. पार्वताबाईने कंबर धरली, सुभद्रेने हात. त्याने नुसता खांदा हलवला आणि पार्वताबाई भिंतीवर आपटली.

तो निघाला.

सुभद्रेने कौशल्येला सासूच्या मांडीवर ठेवलं. पार्वताबाईने तिच्याकडे बघितलं. ती विचारेल असं सुभद्रेला वाटलं. तिने विचारलं नाही. फक्त नातीला पोटाशी ओढलं.

रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. तो पुढे, ती मागे. तिने हाका मारल्या. त्याला ऐकू जात नव्हतं. बंगल्याचं दार बंद होतं. तो पोचला आणि ते उघडं होतं.

सुभद्रा त्या खोलीत कधी आली नव्हती. वाळ्याचे पडदे सुकलेले, तरी आत गारवा होता. हिरवं टेबल अंधारात तळ्यासारखं दिसत होतं.

मधे लाल चेंडू. मोठा ठिपका वर.

त्याच्याभोवती कापड दबलेलं होतं. आत कोणी निजल्यासारखं. दगडावर ताणलेलं कापड दबत नाही, हे मला माहीत आहे. मी ऐकलं तेच लिहिते.

सूर्यभान फळ्याच्या कोपऱ्याशी गेला. वाकला. टेबलाच्या काठाखाली उजवा खांदा घातला. खाच तिथे बरोबर बसली.

तेव्हा त्याचे डोळे उघडले. त्याला सगळं दिसत होतं, आणि हलता येत नव्हतं. म्हणूनच पुढचं सांगायला तो उरला.

तीन कोपऱ्यांतून श्वास आत ओढल्याचा आवाज आला.

उचलण्याआधीचा.

सुभद्रेने खाली बघितलं. टेबलाचे तीन कोपरे जमिनीवरून सुटले होते. पायांखाली उजेडाची बारीक फट दिसत होती. फक्त चौथा टेकलेला होता, आणि त्या कोपऱ्याखाली तिचा नवरा होता. सगळा भार हळूहळू त्याच्याकडे झुकत होता. त्याच्या गळ्याचं हाड करकरलं. तो नुसता तिच्याकडे बघत राहिला.

चेंडू त्या बाजूला घरंगळायला हवा होता. तो हलला नाही.

सुभद्रेने त्याच्या काखेत हात घातले. घरी दोघींना न आवरणारा तो माणूस आता कापसाच्या पेळूसारखा बाजूला झाला. जणू त्याला सोडवायला कोणी यावं, याची तिकडचेही वाट बघत होते.

तो भिंतीपाशी कोसळला. त्याने हात पुढे केला. तिच्या लुगड्याच्या काठापर्यंत तो पोचला नाही.

ती कोपऱ्याशी उभी राहिली. पदर कमरेला खोचला. उजवा खांदा मोकळा केला. एकदा दाराकडे बघितलं, जिथून ती आली होती, आणि मग तोंड नदीकडच्या भिंतीकडे वळवलं.

ती घाबरलेली नव्हती असं सूर्यभान कधी म्हणाला नाही.

इतके दिवस गिळलेलं ती बोलली. त्या तिघांना नाही. मधे निजलेल्या बाईला, रोज अंगणातून बोलायची तशी.

"चाल, गंगूमाय. चौथा खांदा माहा."